टोपल्याखालचं पाऊल

रेणापूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांगीस,

आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाहतेस, उत्तर देत नाहीस. म्हणून हे पाकीट हॉस्टेलच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. घेताना सही करावी लागते. तुझ्या हातात पडलं, एवढं तरी कळेल.

केवळाआत्याची, माझ्या अक्काची, माफी माग. एवढंच सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे.

तू म्हणशील, मी काय चुकीचं बोलले? म्हणून घडलं तसं लिहितो. जिथे माणसाचा जीव जातो तिथे ज्वारीचं पीठ पसरून दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं आणि सकाळी उघडून जीव पुढे कोणत्या रूपात जन्म घेणार ते बघायचं, ही आपल्याकडची रीत तुझ्या जन्माच्या आधीपासूनची आहे. माझ्या वडिलांच्या वेळी काही उमटलं नव्हतं. तुझ्या आईच्या वेळी लहान मुलाचं पाऊल उमटलं. अक्काने टोपलं उचललं, पाहिलं आणि ती खालीच बसली. सगळ्या बायका रडल्या. मीही पाहिलं. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

तू रडली नाहीस. तू गुडघ्यावर बसलीस, मोबाईल काढलास, शेजारी आगपेटी ठेवलीस आणि फोटो काढलास. आगपेटी मापासाठी ठेवतात, हे तू नंतर सांगितलंस. मग सगळ्यांसमोर म्हणालीस, "आत्या, हे पाऊल नाही. ही मूठ आहे. गोकुळाष्टमीला कृष्णाची पावलं काढतो तशी. बोटं वरून टेकवलीत."

अक्का म्हणाली, "लई शिकलीस गं. मेलेल्या आईवर पोलीस बसवून राहिलीस!"

तिथे तरी थांबायचं होतंस. नांदेडला पोचल्यावर तू तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकलास. टाचेच्या मागे एक वाकडी रेघ आहे, तिच्याभोवती लाल गोल काढलास आणि खाली लिहिलंस, 'ही रेघ पायाची नसते.' अक्का ग्रुपमधून बाहेर पडली. भोकरहून तिचा फोन आला. चार लेकरांची आई, माझ्याहून मोठी, ती फोनवर हुंदके देत होती. त्या खोलीत तीच झोपली होती, तेव्हा रोख कोणावर होता हे सगळ्यांना कळलं.

अक्काचं म्हणणं साधं आहे. तुझ्या आईचा, नीलाचा, जीव तुझ्यात अडकला होता. ती तुझ्या पोटी येणार. म्हणून वर्षाच्या आत तुझं लग्न व्हावं. भोकरचे उमाशंकरराव आहेत, त्यांच्या मुलाचं खता-बियाण्याचं दुकान आहे. माणसं चांगली आहेत. मी होकार दिलेला नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. बायकोच्या शेवटच्या इच्छेला नाही कसं म्हणतात, ते मला माहीत नाही.

तू फोटो आणखी कोणाला दाखवला आहेस का, ते कळव. वर्गात दाखवला असशील तर तेही कळव.

तुझे
बाबा


रेणापूर
९ मार्च २०२५

चि. शिवांगीस,

पाकिटाची पोच आली. सही तुझीच आहे. उत्तर नाही.

मी गेल्या आठवड्यात नांदेडला येऊन गेलो. तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर मला जे पाहायचं होतं ते दिसलं नसतं. राग मानू नकोस. किंवा मान, मला समजेल.

लातूरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर मन्मथराव बसतात, त्यांना तू ओळखतेस. त्यांची दोन्ही मुलं क्लासला जातात, एक डॉक्टरकीच्या, एक इंजिनिअरिंगच्या. लातुरात दुसरं शिक्षण असतं हेच लोकांना ठाऊक नाही. ते मला म्हणाले, "भागवतराव, पोरगी चोर पकडणार का चोराचं मन ओळखणार?"

मी म्हटलं, "दोन्ही शिकते म्हणे."

"मग पगार कोण देणार? चोर का सरकार?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना बसमध्ये मात्र वाटलं, दोन वर्षं पैसे पाठवतो आहे आणि या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. आणखीही एक मनात आलं, ते लिहूनच टाकतो. हा विषय खरोखर असा असतो का, की मुलीने नांदेडला राहण्यासाठी सांगितलेलं काहीतरी आहे, असं वाटलं. तुझी आई असती तर तिने मला झापलं असतं.

तर मी विभागात गेलो. तुझा बाप आहे असं सांगितलं नाही. पुतणीला प्रवेश घ्यायचा आहे, असं म्हणालो. आनंदराज सर म्हणून आहेत, त्यांनी बसायला खुर्ची दिली. मी विचारलं, गुन्हेगारीशास्त्र आणि मानसशास्त्र असं एकत्र शिकून पुढे काय?

त्यांनी खोटं आमिष दाखवलं नाही. म्हणाले, तुरुंगात कल्याण अधिकारी असतो, न्यायालयाकडे परिवीक्षा म्हणजे प्रोबेशन अधिकारी असतो, कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतो, गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या निरीक्षणगृहातही असतो. प्रयोगशाळांना विज्ञानाची मुलं लागतात, तिकडे आपली कमी जातात. सरकारी जागा निघतात, पण वाट बघावी लागते. कंत्राटी लवकर मिळतात. काही जण स्पर्धा परीक्षेकडे वळतात. काही जण घरी बसतात, तेही ते म्हणाले.

मी विचारलं, "मुलीच्या जातीला झेपतं का हे?"

ते म्हणाले, "निरीक्षणगृहातल्या पोरांना आधी कोणीतरी ओरडल्याशिवाय बोलणारं माणूस लागतं. यंदाच्या आमच्या एक विद्यार्थिनी आहेत, तिथे जाऊन बसतात. सहा-सहा भेटी गप्प बसणारं पोर त्यांच्याशी बोलतं. मे महिन्यात त्यांची तिथल्याच जागेसाठी मुलाखत आहे."

नाव त्यांनी घेतलं नाही. मी विचारलं नाही.

उठताना मी विचारलं, "तुम्ही मुलांना संशय घ्यायला शिकवता का?"

"संशय तर सगळ्यांनाच घेता येतो, काका. तो तपासायचा कसा, हे आम्ही शिकवतो."

मला 'काका' म्हणाले, तरी मला वाटतं त्यांनी मला ओळखलं. आपलं नाक सारखं आहे.

तू गेटजवळ दिसलीस. एका मुलाबरोबर चहा पीत होतीस. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. तू हसत होतीस. आई गेल्यापासून तुला हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी हाक मारली नाही. तो मुलगा कोण?

बाबा


रेणापूर
३० मार्च २०२५

चि. शिवांगीस,

आज पाडवा. आपल्याकडे यंदा गुढी नाही. तुझ्या वहिनीने, उज्वलाने, साधा वरण-भात केला. तुझा भाऊ हरिओम जेवून शेतात गेला. तो हल्ली घरात फार थांबत नाही.

मी एक केलं आहे, ते तुलाच सांगता येईल. घरात कोणी नसताना परातीत पीठ घेतलं आणि मूठ टेकवली. उजवी टेकवली, डावी टेकवली. बोटांनी वर ठिपके दिले. पाऊल उमटतं. हुबेहूब उमटतं. तळहाताच्या घड्याही दिसतात, तुझ्या फोटोत दिसतात तशा.

परात धुऊन ठेवली. पीठ गाईला घातलं.

तुझं बरोबर आहे, असं मी म्हणत नाही. मूठ दाबून पाऊल काढता येतं, एवढं मला कळलं. ते त्या रात्री तसंच काढलं होतं, हे त्यावरून कळत नाही. तुमच्याकडेही असंच म्हणत असतील.

पण मग मी तुझी ती लाल गोलातली रेघ मोठी करून पाहिली. माझ्या मुठीमागे तशी रेघ उमटली नाही. ती मनगटातल्या कशाची तरी आहे. आणि तुला वाटलं, बांगडी.

शिवांगी, अक्काचे हात रिकामे आहेत. भाऊजी गेल्यापासून तिने हातात काही घातलेलं नाही. तू लहान होतीस, तेव्हापासून तू तिचे हात तसेच पाहिले आहेत. रोजचं असल्यामुळे ते तुझ्या ध्यानात आलं नसेल. तू पुरावा बरोबर पाहिलास आणि माणूस चुकीचा धरलास.

मी अक्काला फोन केला. तू माफी मागितलीस असं तिला खोटंच सांगितलं. मग म्हटलं, पोरीची परीक्षा आहे, मुलाखत आहे, लग्नाचं जरा पुढे ढकलू. ती म्हणाली, "तू नवरा हायेस का कोण? बायको पाऊल टाकून सांगून गेली, अन् तू मुलाखती बघून राहिला? वर्ष गेलं की पुन्हा तीन वर्षं थांबावं लागतंय. तवर ती कुठं थांबणार, सांग की मला."

 तुला माहीत आहे, अक्कापुढे मला कधीच बोलता येत नाही.

अक्षय तृतीयेला उमाशंकरराव लग्न पक्कं करून सुपारी फोडायला येणार आहेत. त्यांची अट एवढीच, की मुलीने पोलीस-कोर्टातली कामं करू नयेत. दुकानाचा हिशेब बघितला तर त्यांची हरकत नाही. आलीस तर परीक्षेच्या मधून येऊन जावं लागेल. आली नाहीस तरी सुपारी फुटेल, असं अक्का म्हणते. आपल्याकडे मुलगी समोर नसताना फुटलेल्या सुपाऱ्या मीही पाहिल्या आहेत.

बाबा


रेणापूर
१३ एप्रिल २०२५

शिवांगी,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. खरंच फाड. तुमच्याकडे पुरावा जपून ठेवतात, हा जपू नकोस.

हरिओमच्या हातात कडं नाही.

नांदेडहून तूच त्याला आणून दिलं होतंस, जाड, स्टीलचं. आंघोळीलाही तो ते काढत नसे. तुझ्या आईने किती वेळा म्हटलं, पिठात हात घालताना तरी काढ. परवा तो मोटारीचा पाइप ओढत होता, तेव्हा मनगटावर नुसता पांढरा पट्टा दिसला. मी विचारलं, "कडं कुठाय रे?"

"घट्ट व्हायलतं."

"एवढी वर्षं झालं नाही, ते?"

"काढलं बाबा, न्हाई तर काय. कड्याचं काय घेऊन बसलाव तुम्ही?"

तो माझ्याकडे बघून बोलला नाही. मी पुढे विचारलं नाही. बापाने मुलावर पाळत ठेवावी, ही काय गोष्ट आहे? पण त्या दिवसापासून मी ठेवली. तो कोणाशी बोलतो, अक्काचा फोन आला की उठून का जातो, ग्रुपवरचा तुझा तो फोटो त्याने मोबाईलमधून पुसला आहे का. मला वाटलं, अक्काने आणि त्याने मिळून ठरवलं. तुझं लग्न लावायचं, की शिक्षणाचे पैसे पाठवणं थांबतं. तसं मी मनात धरून बसलो. मुलाच्या ताटात वाढलेलं सुद्धा मी संशयाने बघत होतो, इतका खाली गेलो होतो.

मग काल उज्वला माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी टोपलं उघडलं, तेव्हा तू कुठं होतीस गं?"

"चुलीपाशी होते, मामा. मला आधीच ठाऊक होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"पाऊल निघणार म्हणून. ह्यांनी उठल्या उठल्या सांगितलं, आई आपल्याकडं येणार हाय, आता तू रडू नको म्हणून. ह्यांच्या सपनात आल्या होत्या आई."

ती अगदी सरळ बोलली. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. स्वप्न पडलं आणि ते खरं ठरलं, असं ती आजही धरून आहे. मी कप खाली ठेवला. 

आता तू मन लावून वाच. उज्वलाला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गर्भ गेला, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वेळेनंतर अक्का या घरात बसून काय बोलली, हे तुला ठाऊक नाही, तू नांदेडला होतीस. "दुसरीकडं बघा, अजून वय हाय पोराचं," असं ती बोलली. उज्वला दाराआड होती. तुझी आई तेवढी तिच्या बाजूने उभी राहिली. ती होती तोवर अक्काला पुढे बोलता आलं नाही. ती गेली, तेव्हा हरिओमला पहिली भीती कशाची वाटली असेल, ते मला आता कळतं.

त्याने ते पाऊल बायकोसाठी काढलं. सासू पुन्हा हिच्याच पोटी येणार म्हटल्यावर हिला कोण घालवणार? पोराचं डोकं एवढंच चाललं. अक्का त्याच पावलाचा अर्थ तुझ्यावर घेऊन जाईल, हे त्याला सुचलं नाही. आणि घेतल्यावर 'ते माझंच काम' असं म्हणायला त्याला तोंड राहिलं नाही. म्हटलं असतं तर अक्का पहिलं हेच म्हणाली असती, की बायकोने शिकवलं.

मी त्याला काही बोललेलो नाही. त्याला कळलं आहे की मला कळलं आहे, असं कधी कधी वाटतं.

एक माझं लिहितो. पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. ते पाऊल मला खरं वाटलं होतं. तुझ्या सांगण्यानंतरही वाटत होतं. घरात चालताना मी खाली बघून चालत असे, काही उमटलंय का म्हणून. आता ते संपलं. ती गेली ती गेली.

अक्षय तृतीया तोंडावर आली आहे. काय करावं मला सुचत नाही. हरिओमचं नाव घेतलं तर उज्वलाचं घर मोडतं. नाही घेतलं तर तुझं.

बाबा


रेणापूर
२ मे २०२५

चि. शिवांगीस,

तू काल फोन केलास. त्याआधी इथे काय झालं, हे तुला भोकरहून एका बाजूने कळलं असेल. माझ्याकडून जसं झालं तसं लिहितो.

उमाशंकरराव, त्यांचे दोन भाऊ आणि अक्का दुपारी आले. सतरंजी घातली. सुपारी, नारळ, खण सगळं ताटात होतं. मुलगी नाही, याबद्दल उमाशंकरराव हसून म्हणाले, "परीक्षा देऊ द्या की. आमच्याकडं आल्यावर कुठं परीक्षा हाय?" लोक हसले. अक्काने पावलाची गोष्ट पुन्हा सांगितली. आता त्यात पैंजणाचा आवाजही आला होता.

हरिओम पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तो आता बोलणार, असं मला दिसलं. उज्वला त्याच्या मागेच होती.

मी त्याच्या आधी बोललो. "अक्का, ते पाऊल मी काढलं."

कोणाला ऐकूच गेलं नाही. मी हळू बोलतो, तुला माहीत आहे. मला पुन्हा बोलावं लागलं. "पिठात ते पाऊल होतं ना, ते मीच काढलं. मूठ दाबून."

अक्का म्हणाली, "तू? तुला कणीक मळता येत न्हाई, अन् तू पाऊल काढलंस?"

"हाव."

"कशापायी?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. तोंडातून निघालं ते असं, "मला ती परत यावी वाटत होतं."

 उमाशंकररावांनी टोपी उचलली. जाताना म्हणाले, "भागवतराव, दुःखात माणूस काय बी करतंय, पण आमाला बोलवायच्या आधी सांगायचं होतं. पाव्हण्यात काय तोंड दाखवावं आम्ही?" त्यांचं चुकलं नाही. अक्का थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "नीला बरी सुटली तुझ्यापासून," आणि पिशवी घेऊन बसस्टँडला गेली. हरिओम तिला सोडायला निघाला, तर ती त्याच्या गाडीवर बसली नाही. ती पुन्हा या घरात येईल असं वाटत नाही. तिने मला अंगाखांद्यावर वाढवलं आहे. ते मला जन्मभर लागून राहील, आणि त्याला इलाज नाही.

हरिओम संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला.  म्हणाला, "बाबा, उद्या सोयाबीनच्या बियाण्याचं बघून येऊ का?" मी म्हटलं, "ये." एवढंच बोलणं झालं.

आता तुझ्या फोनबद्दल. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला. तू कशी आहेस, पेपर कसे गेले, हे मला विचारायचं होतं. तू आधी विचारलंस, "बाबा, दर तीन आठवड्यांनी तुमचं पाकीट यायचं, एप्रिलमध्ये आलंच नाही. टाकलं होतं का तुम्ही?"

मी म्हटलं, नाही. कारण ते मी टाकलंच नव्हतं. पोस्टाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ते पत्र मी चुलीत घातलं. त्यात काय होतं, हे तू विचारलं नाहीस.

मग तू विचारलंस, "पाऊल काढताना तुमच्या मनगटात काय होतं?"

"घड्याळ," मी म्हणालो.

"घड्याळ काढून ठेवलं नव्हतं?"

"नाही."

तू गप्प झालीस. माझ्या घड्याळाचा पट्टा कातडी आहे, तो तूच बदलून आणला होतास. कातडी पट्ट्याची तशी रेघ उमटत नाही, हे मला माहीत आहे. तुला माझ्याहून जास्त माहीत असणार. निरीक्षणगृहातली पोरं तुझ्याशी असंच खोटं बोलत असतील, आणि तू अशीच गप्प बसून त्यांना पुढे बोलू देत असशील. मी पुढे बोललो नाही.

मग तू म्हणालीस, "बरं."

आणि थोड्या वेळाने, "वहिनी कशी आहे?"

या घरात इतकी वर्षं फोन करतेस, शिवांगी, पण आईच्या आधी आणि माझ्या आधी तू वहिनीचं कधी विचारलं नव्हतंस. मी म्हटलं, बरी आहे, झोपली आहे. तू म्हणालीस, तिला त्रास देऊ नका, झोपू द्या.

मुलाखत सोमवारी आहे म्हणालीस. कंत्राट अकरा महिन्यांचं आहे आणि पगार कमी आहे, हेही तूच आधी सांगून टाकलंस, मी विचारायच्या आत. मन्मथरावांना मी सांगितलं आहे, की पगार सरकार देणार. कमी देणार, हे सांगितलं नाही.

मी नांदेडला येतो आहे. या वेळी कळवून. तू आत असशील तेव्हा मी बाहेर बाकावर बसेन. कोणी विचारलं तर तुझा बाप आहे असंच सांगेन.

तुझे
बाबा